वक्त्याचा पंखा

सांताक्रूझच्या विद्यापीठात व्याख्यान देऊन गेलेल्या कुठल्याही विद्वानाला विचारा, "तुम्ही खोलीत शिरलात तेव्हा पंखा चालू होता का?" तो तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघेल. पंखा चालू असतोच. वक्त्यांची अशी समजूत असते की पंखा, पाण्याचा पेला आणि टाळ्या या तीन गोष्टी आपोआप होतात. टाळ्यांचं मला माहीत नाही. पण पंखा आणि पाणी या दोन गोष्टी बावीस वर्षं धोंडिराम खरात नावाचा शिपाई करत होता, आणि त्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे.

त्याची एक रीत होती. पाहुणे ऑफिसातला चहा संपवून उठले की हा निघे. पुढच्या दारानं कधीच नाही. पुढचं दार श्रोत्यांचं आणि पाहुण्यांचं. शिपायानं मागच्या दारानं यायचं, चौथऱ्याच्या बाजूनं. डाव्या हातात ताट, ताटात तीन पेले, तिन्ही काठापासून दोन बोटं कमी भरलेले, म्हणजे उचलताना वक्त्याच्या कागदांवर पाणी सांडत नाही. नजर समोरच्या दाराकडे, पाहुणे आले की काय ते बघायला. आणि उजवा हात आपला आपण वर जाई, दाराशेजारच्या बटणाकडे. खोलीतल्या बाकीच्या पंख्यांची बटणं पुढच्या दाराशी असत, पण चौथऱ्यावरच्या एका पंख्याचं बटण इथे, मागच्या दारापाशी. त्याला शिपाई लोक 'वक्त्याचा पंखा' म्हणत. तो आधी सुरू. मग ताट टेबलावर. मग वेग तीनवर, कारण पाचवर ठेवला तर वक्त्याचे कागद उडतात आणि दोनवर ठेवला तर वक्ता घामाघूम होऊन लवकर आटपतो. लवकर आटपला तर बरंच की, असं दत्तारामचं मत होतं. दत्ताराम म्हणजे जोडीचा शिपाई, मालवणकडचा, कामात चुकार आणि जिभेचा तिखट. धोंडिरामला कामातले विनोद खपत नसत.

माणूस मूळचा माण तालुक्यातला, दुष्काळी मुलखातला. विक्रोळीला पार्कसाईटच्या चाळीत एक खोली, बायको सोनूबाई, थोरल्या दोघी लग्न होऊन गेलेल्या, आणि धाकटी मीरा घाटकोपरच्या कॉलेजात कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. धोंडिरामनं आयुष्यात ढिगानं विद्वान पाहिले होते, पण त्याला हेवा वाटायचा तो त्यांचा नव्हे. ऑफिसात शकु नावाची टायपिस्ट होती, तिचा. ती खुर्चीत बसून, मान वर न करता म्हणायची, "धोंडिराम, जरा पंखा वाढवता का हो?" टायपिंग येणाऱ्याला खुर्ची मिळते, आणि खुर्ची मिळाली की पंखा दुसरं कुणीतरी लावतं, एवढं सरळ गणित त्यानं बांधलं होतं. विक्रोळी स्टेशनाजवळच्या क्लासात त्यानं मीराचं नाव घालून ठेवलं होतं. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. विद्यापीठात भेटेल त्याला तो सांगत सुटला होता, पोरगी आता टायपिंगला जाणार.

पोरगीचा जीव मात्र रांगोळीत अडकलेला. ठिपक्यांची नव्हे, माणसांच्या चेहऱ्यांची. बारीक कापडातून चाळलेली रांगोळी, त्यात रंग कालवून केलेल्या छटा, आणि चिमटीतून धार सोडत सोडत नाक, डोळे, सुरकुत्या. घरातली चहाची गाळणी चहाच्या वेळी कधी जाग्यावर सापडत नसे. मुलुंडला जयवंत पेडणेकर नावाचे वृद्ध चित्रकार होते. ते आपल्या घरी चित्रकलेचा वर्ग घेत, वर्षाला चारच मुलं, तीही स्वतः पारखून. मीराला तिथं जायचं होतं. त्यांची वेळसुद्धा, नशीब बघा, संध्याकाळी सहा ते आठ.

"रांगोळी सकाळी काढायची, संध्याकाळी झाडायची," धोंडिराम म्हणायचा. "तिचा कसला आलाय क्लास?"

"बाबा, तुम्ही कधी एक तरी नीट बघितलीय का?"

"बघायचं काय त्यात? पाय पडू नये म्हणून बाजूनं जातो, तेवढं पुरे."

पंधरा दिवस हे चाललं. शेवटी सोनूबाईनं भाकरी तव्यावर टाकता टाकता निकाल दिला. "शनिवारी ते पेडणेकर तुमच्याकडंच येणार हायत ना? रांगोळीवाल्या पोरांतलं एक निवडणार हायत ना? त्यांनी मीराला निवडलं तर ती मुलुंडला जाईल. न्हाई निवडलं तर सोमवारपासनं टायपिंग. आता दोघंबी गप जेवा." दोघांनी ते कबूल केलं, आणि घरात शांतता झाली.

तो शनिवार शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतला. विद्यापीठात कलामेळावा होता. खाली अकरा नंबरच्या खोलीत दगड, बारात टाचण्या टोचलेली फुलपाखरं, तेरात जुनी नाणी आणि चौदात रांगोळ्या. वरच्या मजल्यावर दिवसभर व्याख्यानं: ताऱ्यांवर एक, अजिंठ्याच्या रंगांवर एक, खाडीतल्या तिवरांवर एक. संध्याकाळी हिरवळीवर मांडव घालून गाणं. एका दिवसात माणसाला इतकं शहाणं करायचा घाट घातला की त्याला फक्त चहा आठवतो. कॅन्टीनसमोरची रांग सगळ्या प्रदर्शनांपेक्षा मोठी होती.

चौदा नंबरची खोली, एरवी व्याख्यानांची, धोंडिरामकडे होती. शुक्रवारी रांगोळ्या काढायच्या म्हणून गुरुवारीच त्यानं बाकं बाहेर काढली, फरशी दोनदा पुसली, आणि चौथरा ओला राहू नये म्हणून वक्त्याचा पंखा पाचवर सोडून वाळवला. भाग घेणारे आठजण. फरशीवर खडूनं सात चौकोन बसले. आठवा चौकोन चौथऱ्यावर काढावा लागला, सगळ्यांत लांब, उजेड कमी, बघणारे तिथवर पोचतील न पोचतील. तो त्यानं मीराला दिला. शिपायाच्या पोरीला चांगली जागा मिळाली, असं कुणी म्हणायला नको. मीरानं नुसतं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि रांगोळीचे डबे घेऊन चौथऱ्यावर चढली.

पंख्यांचा धोका त्याला चांगला ठाऊक होता. पुढच्या दाराशी बटणांवर त्यानं स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला, 'पंखे लावू नयेत'. मागच्या दाराशी नाही चिकटवला. मागच्या दारानं येतो कोण? धोंडिराम. आणि धोंडिरामला कागदाची काय गरज, कागद त्यानंच लिहिलेला. मग दुसऱ्या कामाला त्याला वर पाठवलं, आणि शुक्रवारचा अख्खा दिवस मुलं काय काढतायत ते त्यानं पाहिलं नाही. घरी परतताना मीराही काही बोलली नाही. नखांत तपकिरी रंग होता तेवढा त्याला दिसला.

शनिवारी दुपारी तारे आटोपून तो खाली आला, तर जिन्यातच दत्ताराम भेटला. तोंडात पान, चेहऱ्यावर कसलंसं गुपित.

"रे धोंड्या, तुझ्या चेडवान काय काढल्यान ता बघलंस काय?"

"नाही. का रे?"

"जा, बघून ये. नि मगे माका सांग."

धोंडिराम चौदा नंबरात पुढच्या दारानं शिरला, रांगेत उभा राहून, इतर माणसांसारखा. सुतळी बांधली होती, तिच्या कडेकडेनं माणसं सरकत होती. बोरिवलीच्या एका मुलीनं मनोरीची बोट काढली होती, मागं सूर्य बुडताना. एकानं पोपट, एकानं नवरी. बाळकृष्ण होता, लोण्यासकट. खोलीत उकडत होतं, पण माणसं गुमान घाम पुसत बघत होती. रांग चौथऱ्याशी आली आणि धोंडिराम थांबला.

चौथऱ्यावर तोच होता.

खाकी पँट, पांढरा शर्ट, डाव्या हातात ताट, ताटात तीन पेले. मान वळलेली, नजर कुठल्यातरी दाराकडे. आणि उजवा हात वर गेलेला, न बघता, बटण चाचपणारा. शर्टाचं दुसरं बटण तुटल्यावर सोनूबाईनं मिळालं ते लावलं होतं, जरासं पिवळट. ते चित्रातही पिवळट होतं. मानेवर उन्हानं रापलेल्या दोन आडव्या घड्या होत्या. आपल्या मानेला मागून घड्या आहेत हे धोंडिरामला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आरशात त्या दिसत नाहीत. त्या पोरीनं कधी बघितल्या? बहुतेक लहानपणी, शाळेला सुट्टी असली की तो तिला बरोबर आणायचा आणि शेवटच्या बाकावर बसवायचा, तेव्हा.

त्याला लाज वाटली. त्याहून जास्त बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली. शेजारचा कॉलेजकुमार एकदा खाली बघत होता, एकदा त्याच्याकडे. "अरे यार, हे तर हेच!" तो मित्राला म्हणाला, आणि सगळी रांग वळून बघू लागली. धोंडिराम बाहेर निसटला.

व्हरांड्यात मीरा उभी होती.

"दुसरं कुणी मिळालं नाही काय तुला? एवढे मोठे लोक पडलेत."

"त्यांचे फोटो सगळ्यांकडे असतात," ती म्हणाली. मग, "कसं झालंय, बाबा?"

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण बावीस वर्षांत त्यानं 'हो साहेब' आणि 'आणतो साहेब' याखेरीज फारसं काही म्हटलं नव्हतं, तेव्हा ऐन वेळी शब्द कुठून येणार? "बटणाचं बरोबर आलंय," एवढंच तो बोलला आणि पाण्याची घागर भरायला गेला. घागर भरून वाहू लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं. पेडणेकर हिला निवडणार, असं त्याला वाटत होतं, आणि सोमवारी टायपिंग बुडणार याचं वाईट वाटायला हवं होतं ते वाटत नव्हतं.

पावणेपाचला चौदा नंबर रिकामा केला. परीक्षक बघताना खोलीत कुणी नको, असा नियम होता. मुलं पुढच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मेळाव्याची सगळी जबाबदारी असलेल्या विमला केंकरे मॅडम ऑफिसातून घाईनं आल्या. "धोंडिराम, पेडणेकर सर चहा घेऊन उठतायत. चौदात पाणी ठेवा हं. दमलेत ते."

पाहुणे चहा घेऊन उठले. बस्स, तेवढंच.

डाव्या हातात ताट, तीन पेले, दोन बोटं कमी. मागचं दार त्यानं पायानं ढकललं. नजर समोर गेली, पाहुणे आले की काय. अजून नव्हते आले. त्याला समाधान वाटलं, आपण वेळेत आलो. तेवढ्यात डोक्यावर काहीतरी कुरकुरलं.

खरं तर त्याला आधी आवाजाचा अर्थच लागला नाही, इतका तो रोजचा. मग पायापाशी पांढरी धूळ उठलेली दिसली. त्यानं झटकन बटण बंद केलं. पण बटण बंद केलं म्हणून पंखा लगेच थांबत नाही. आणि वेग गुरुवारपासून पाचवर होता, चौथरा वाळवायला त्यानंच ठेवलेला. ताट हातात धरून तो उभा राहिला आणि पाती सावकाश सावकाश थांबेपर्यंत बघत राहिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चेहरा आधी गेला. मग वर उचललेला हात. शर्ट आणि पँट एकमेकांत मिसळून राखेसारखं काहीतरी झालं. चौथऱ्याच्या डाव्या कडेला एक चप्पल आणि ताटाचा अर्धा काठ तेवढा राहिला. खालच्या सातांना काही झालं नव्हतं, पोपटाच्या शेपटीवर थोडी धूळ बसली होती इतकंच.

मागच्या दारात दत्ताराम हार घेऊन आला होता. त्याच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

"वाट लागली," तो पुटपुटला. मग आत येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "धोंड्या, ऐक. वाऱ्यान उडाला म्हणान सांग. ह्या दार उघडा होता. कोणी बघूक नाय."

दत्ताराम चुकार खरा, पण त्या घडीला तो मित्र म्हणून बोलत होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटंही वाटलं नसतं. मागचं दार मैदानाकडे उघडत होतं. मैदानात वारा होता. धोंडिरामच्या मनात आलं, वारा म्हटलं तर पोरगी वाऱ्यावर रागावेल. मी म्हटलं तर ती म्हणेल, बाबांना टायपिंगच हवं होतं. सगळे म्हणतील. टायपिंगचं ज्याला ज्याला सांगितलं तो प्रत्येकजण म्हणेल. त्यानं ताट टेबलावर ठेवलं.

पुढचं दार उघडलं. केंकरे मॅडम, त्यांच्या मागं पेडणेकर, सत्तरीचे, काडीसारखे, सुती सदरा, आणि मॅडमचं लक्ष नाही असं पाहून त्यांच्यामागं शिरलेली आठही मुलं.

"चौथऱ्यावरची गेली साहेब," धोंडिराम कुणी विचारायच्या आत म्हणाला. "मी पंखा लावला."

मीरा सुतळीपाशी येऊन उभी राहिली. तिनं चौथऱ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अहो, पण पुढं तुमच्याच अक्षरात कागद लावलाय, पंखे लावू नयेत!" केंकरे मॅडम म्हणाल्या. आणि मग, त्या बाई काही वाईट नव्हत्या, पण तोंडातून निसटून गेलं, "तुम्हीच ना सांगत होता, हिला टायपिंगला घालणार म्हणून?"

झालं. जे ऐकायला लागू नये असं वाटत होतं तेच भर खोलीत बोललं गेलं. धोंडिरामनं मान खाली घातली. आपण मुद्दाम केलं नाही हे कसं सांगायचं त्याला कळेना. सवयीला पुरावा कुठून आणायचा?

"मॅडम," मीरा म्हणाली. "त्यांनी मुद्दाम नाही केलं. माझ्या चित्रात तेच होतं. तोच हात. ते बघत नाहीत तिकडे. त्यांना कळतही नाही हात कधी वर जातो ते." आणि ती रडायला लागली.

पेडणेकर हळूहळू चौथऱ्याशी गेले. गुडघ्यावर हात टेकून त्या उरलेल्या चपलेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ते धोंडिरामकडे वळले. "तुम्ही पाहिलं होतंत चित्र?"

"हो साहेब."

"काय होतं?"

आता ही गोष्ट दत्ताराम पुढं कित्येक वर्षं सांगत असे, की त्या दिवशी धोंड्या वक्ता झाला. तसं काही नव्हतं. तो अडखळतच बोलला, टेबलाची कड धरून. पण बोलला. त्यानं पिवळट बटण सांगितलं. मानेवरच्या दोन घड्या सांगितल्या, आणि त्या आहेत हे आपल्याला आज कळलं, हेही सांगितलं. पँटची डावी घडी उजवीपेक्षा जास्त मोडलेली होती, कारण ताट डाव्या अंगाला टेकवून चालायची सवय आहे. पायाखाली सावली होती ती काळी नव्हती, जांभळट होती.

"आणि पेल्यांत पाणी होतं साहेब. दोन बोटं कमी. बरोबर दोन बोटं."

"पाणी कसं काढलं होतं?" पेडणेकरांनी विचारलं. "पांढऱ्यानं? निळ्यानं?"

धोंडिरामनं डोळे मिटले. "काही नव्हतं तिथं. बाजूनं रंग होता. पाण्याच्या जागी तिनं फरशी तशीच सोडली होती. पण पाणी दिसत होतं."

पेडणेकरांनी मीराकडे पाहिलं. तिनं रडतच मान डोलावली.

"चांगलं पाहिलंत तुम्ही," ते म्हणाले. मग टेबलावरचा एक पेला उचलून पाणी प्याले आणि उरलेल्या सात रांगोळ्यांभोवती फिरून आले. अर्ध्या तासानं त्यांनी बोरिवलीच्या मुलीचं नाव घेतलं, मनोरीच्या बोटीसाठी. जाताना मीरापाशी थांबले. "बाळ, जे मी पाहिलं नाही ते मी निवडलं, तर या सातजणांवर अन्याय होईल. पुढच्या वर्षी पुन्हा ये." माणूस सरळ होता. त्यांच्यावर रागावायलाही जागा नव्हती.

धोंडिरामनं चौथरा झाडला. दत्ताराम म्हणाला, मी झाडतो, पण त्यानं झाडू दिला नाही. सुपलीत सगळे रंग एकत्र होऊन मातीचाच रंग झाला होता.

साडेसहाला हिरवळीवर गाणं सुरू झालं. गवईबुवांपुढं पाण्याचा तांब्या ठेवून धोंडिराम मांडवाच्या मागं आला, तर शेवटच्या रांगेत मीरा एकटीच बसलेली दिसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. कार्यक्रम चालू असताना तो कधी बसला नव्हता. शिपाई खांबापाशी उभा राहतो, कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. तो खुर्चीत बसला. आधी काठावर, मग नीट.

बुवा एकाच सुरावर रेंगाळले होते. लोक डोलत होते.

"सोमवारी क्लासची वेळ सहाचीच ना?" मीरानं विचारलं. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज साधा होता. ठरलं ते ठरलं, असा.

"जायचं नाही," धोंडिराम म्हणाला.

"पण त्यांनी निवडलं नाही ना, बाबा. आईसमोर ठरलं होतं."

"त्यांनी बघितलं कुठं?" तो म्हणाला. "बघितलं मी. निवडायचं तर मीच निवडायला पाहिजे."

मीरानं नखांत अजून रंग असलेला आपला हात त्याच्या हातावर ठेवला, आणि गाणं संपेपर्यंत तो तिथेच होता. दोनदा कुणीतरी "शिपाई!" अशी हाक मारली. दोन्ही वेळा दत्ताराम गेला.

मुलुंडचा वर्ग त्या वर्षापुरता हुकला होता, तो काही परत येणार नव्हता. पण सहा ते आठची वेळ रिकामी होती. धोंडिरामनं घरातली लोखंडी खाट भिंतीला उभी केली, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मधोमध चार हात फरशी मोकळी झाली. रोज सहाला मीरा तिथं बसे. कधी सोनूबाईचे पाय काढी, कधी गाळणी, कधी समोरच्या खोलीतली म्हातारी. आठला बाप ते वाकून, उभा राहून, फिरून बघे आणि काय चुकलं ते सांगे. त्याचं नेहमी बरोबर असे असं नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात दत्ताराम एकदा सातच्या सुमाराला आला आणि उंबऱ्यातच शर्टाची बटणं काढू लागला. "रे धोंड्या, पंखो लाव रे! जीव जाता हय माझो!"

सोनूबाईनं वर्तमानपत्राची एक घडी त्याच्या हातात दिली. एक तिच्याकडे होती, एक धोंडिरामकडे. "आठला लावतो आम्ही," ती म्हणाली, "तवर ह्यानं वारं घ्या."

धोंडिरामला कामावरून घरी यायला कधी कधी सव्वासहा होत. खोलीत शिरलं की दाराशेजारीच, उजव्या हाताला पंख्याचं बटण, अगदी चौदा नंबरासारखंच. म्हणून तो जिन्यातच एक क्षण थांबे, जेवणाचा रिकामा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरी, आणि मगच घरात पाऊल टाकी.